ती बोट, ते बोट

आमचे व्याही आंघोळीला जाण्यापूर्वीसुद्धा खिडकीतून हात बाहेर काढून वारा कुठला आहे ते बघतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी निरोप देताहेत. मीही त्यांच्या मागून दणकून हात हलवला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई घाबरून आत गेली. सोयरीक जुळल्यानंतर झालेला आमचा हा पहिला घोटाळा. नंतरचे घोटाळे मोजायचं मी सोडून दिलं आहे.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. वय सत्तरीला एक महिना कमी. उजवा खांदा थोडा उतरलेला, भुवया पांढऱ्या, आणि हात असे की बाटलीचं झाकण उघडायला दिलं तर बाटलीचीच काळजी वाटावी. विहीणबाई चालवतात त्या दोरखंडाच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतात. जिन्याला कठडा नाही, कठड्याच्या जागी जाड दोर आहे. घरातल्या पडद्यांना गाठी, पिशव्यांना गाठी, हात पुसायच्या फडक्यालासुद्धा गाठ. माझ्या मुलीनं लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला फोनवर सांगितलं होतं, "बाबा, इथं साखरेचा डबा उघडायला पाच मिनिटं लागतात, पण तो कधी सांडत नाही."

बत्तिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं एक शिडाची बोट बांधली. आठ माणसं बसतात. बंदरातून निघायचं, दीपस्तंभाला वळसा घालायचा, तासाभरात परत. एवढंच आयुष्य, पण त्यात त्यांनी एका माणसाला दोनदा फिरवलं असं क्वचितच झालं असेल, कारण ते वाटेत एक शब्द बोलत नाहीत आणि लोकांना वाटतं आपलं काही चुकलं. बोलतात ते फक्त हुकूम. आणि हुकूम असा देतात की पलीकडच्या बोटीवरचा माणूससुद्धा उठून दोर ओढायला लागतो.

तर झालं काय, बंदराच्या कचेरीनं नवा नियम काढला. बोटीतून माणसं नेणाऱ्यानं आधी तपासनिसासमोर दाखवायचं, की माणूस पाण्यात पडला तर सहा मिनिटांच्या आत तो परत वर काढता येतो. बोटीवर कामाची तीन माणसं हवीत. उत्तीर्ण झालात तर परवाना, नाही तर बोट किनाऱ्याला. आणि सत्तरी पूर्ण झाली की परीक्षेलाच बसता येत नाही. म्हणजे व्याह्यांना संधी एकच.

माझे जावई मोठ्या जहाजाच्या इंजिनावर, चार महिने घरी नाहीत. माझी मुलगी बोटीत पाय ठेवला की पाच मिनिटांत तीच वाचवण्याच्या लायकीची होते. उरल्या विहीणबाई. आणि मी. मी आपला पंधरा दिवस नातीला बघायला आलेलो. पोहता येत नाही. गावाकडं पाणी होतं ते विहिरीत, आणि विहिरीशी माझा संबंध फक्त वरून.

जेवायला बसलो होतो. व्याही म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही फक्त बोट दाखवायचं काम करा."

मी म्हटलं, "अवश्य. कुणाला दाखवू? कुणी बघायला येणार आहे का?"

"पडलेल्या माणसाकडं दाखवायचं."

"पडलेल्या माणसाला बोट दाखवायची? तो तर बोटीतूनच पडला ना? त्यानं बघितलेली असणार."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. व्याह्यांनी घास खाली ठेवला, उजवा हात वर केला आणि तर्जनी माझ्या नाकासमोर धरली. "हे! हे बोट!"

आता यात माझी चूक अशी नाही. आमच्या गावच्या शाळेत एकच खोली, चार वर्ग, आणि मास्तर लिंग शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, ती बोट, ते बोट. म्हणाले, अक्षरं तीच, लिंग वेगळं, अर्थ वेगळा. समुद्र आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर, बोट कुणी बघितलेली? मी नऊ वर्षांचा, हात वर करून विचारलं, "मास्तर, ते बोट म्हणजे पुरुषाचं आणि ती बोट म्हणजे बाईची का?" मास्तरांनी पहिल्यांदा छडी मारली, मग हसले, मग हसले म्हणून परत एक छडी मारली. साठ वर्षं तो धडा माझ्या काही कामाला आला नव्हता.

व्याह्यांनी मला काम समजावलं. माणूस पाण्यात पडला की ज्यानं पाहिलं त्यानं ओरडायचं, कुणीतरी तरंगणारी रिंग फेकायची, आणि एका माणसानं त्या पडलेल्याकडं बोट रोखायचं. डोळे मिटायचे नाहीत, मान वळवायची नाही, शिंक आली तर बोटासकट शिंकायचं. कारण शिडाची बोट गाडीसारखी जागच्या जागी थांबत नाही. ती पुढं जाते, वाऱ्यातून वळते, परत येते, आणि तेवढ्यात लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे जोंधळ्याच्या पोत्यात पडलेला खडा. बोट ज्याच्याकडं रोखलेलं असतं तोच सापडतो.

"हे मला जमेल," मी म्हटलं. आणि खरोखर वाटत होतं. कारण मी चौतीस वर्षं जमीन मोजणीवाल्यांच्या हाताखाली काठी धरण्याचं काम केलं. मोजणीदार लांब दुर्बिणीशी, मी शेताच्या दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी काठी उभी धरून. तो हात हलवेपर्यंत हलायचं नाही. एकदा एक मोजणीदार दुर्बीण सोडून सावलीत जाऊन झोपला. मी साडेतीन तास उभा. संध्याकाळी त्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "अरे, तू अजून इथंच?" मी म्हटलं, "तुम्ही हात हलवला नाहीत." पण ते असो.

पहिला सराव दुकानामागच्या पडवीत झाला. चार खुर्च्या म्हणजे बोट, केरसुणी म्हणजे सुकाणू. सुकाणूवर विहीणबाई, शिडाच्या दोरावर आणि हुकमावर व्याही. पाण्यात पडणाऱ्या माणसाला नाव दिलं पाहुणा. तो म्हणजे जुना लोकरी कोट. "पाहुणा पडला!" व्याही ओरडले, आणि मी आधी माझ्या पायांकडं बघितलं, कारण त्या घरात पाहुणा मीच होतो.

मग मी कोटाकडं बोट रोखलं. व्याही ओरडले, "बोट फिरवा!" मी फिरवलं. "तुम्ही नाही हो!" "मग बोट कुणाचं?" "बोट सरळ ठेवा!" हे मला होतं, पण विहीणबाईंनी केरसुणी सरळ केली. "तुम्ही फिरवा, तुम्ही सरळ ठेवा!" "कुणी फिरवा?" "तुम्ही!" आम्ही दोघांनीही फिरवलं. बोट दुकानाच्या भिंतीला लागली आणि बोट मी विहीणबाईंच्या चष्म्यात घातलं. दोन्हींना थोडं थोडं लागलं.

दुसऱ्या दिवशी खऱ्या पाण्यावर गेलो. तिथं तर वाराही हुकूम देत होता. शिडाचं आडवं लाकूड माझ्या टाळूवरून गेलं तेव्हा मला समजलं की बोटीवर मान खाली घालून वागण्याला फार जुनं कारण आहे. कोट पाण्यात टाकला. एकदा आम्ही त्याच्यापासून इतके लांब गेलो की दीपस्तंभावरचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला. एकदा आम्ही कोटाच्या अंगावरूनच गेलो. विहीणबाई म्हणाल्या, "पाहुण्याला वाचवलं नाही, पण दुःखातून सोडवलं." सर्वांत चांगली वेळ, चौदा मिनिटं. परीक्षेला तीन दिवस.

व्याही त्या संध्याकाळी चहालाही उठले नाहीत. खिडकीत बसून दोरीच्या तुकड्याला गाठ मारायचे, सोडायचे, मारायचे. त्यांच्या मागं खाली घाटावर ती बोट दिसत होती.  माझ्यामुळं बिघडतंय की माझ्याशिवायही बिघडलं असतं, हे मला कळेना.

माझी मुलगी पोळ्या करता करता म्हणाली, "अहो बाबा, बोट म्हणूच नका ना. होडी म्हणा." ही "बाबा" म्हणाली की आम्ही दोघंही वळून बघतो, हा त्या घरातला आणखी एक रोजचा गोंधळ.

व्याही दुखावले. "होडी वल्ह्यांनी चालते. हिला डोलकाठी आहे."

"मग नाव म्हणा."

तेही करून पाहिलं, तिथंच स्वयंपाकघरात. व्याही ओरडले, "नाव काढा!" विहीणबाई म्हणाल्या, "तुमचं नाव काढायला मी आहेच. रोज दुकानात बसून काढते."

मग मुलगी म्हणाली, "सरळ आहे की! आईंना अगं म्हणा आणि माझ्या बाबांना अहो. अगं, फिरव म्हटलं की बोट फिरेल. अहो, धरा म्हटलं की हे धरतील."

व्याह्यांनी दोरी खाली ठेवली. विहीणबाई ताटं पुसायला लागल्या, जी आधीच पुसलेली होती. माझ्या लक्षात आलं की सबंध आठवडा मी हे ऐकत होतो आणि ऐकलंच नव्हतं. व्याही बायकोला अहो-जाहो करत होते. आमच्या पिढीतला पुरुष! बायको नवऱ्याला अहो म्हणते, नवरा बायकोला अगं म्हणतो, हे मास्तरांनीसुद्धा शिकवलं नव्हतं, इतकं ते ठरलेलं.

"सांगा की," विहीणबाई म्हणाल्या. "व्याही आहेत, परके नाहीत."

व्याही म्हणाले, "तुम्हीच सांगा."

मग त्यांनीच सांगितलं. लग्नाला दोन महिने झालेले. व्याह्यांच्या वडलांची बोट होती तेव्हा. दोघंच फिरायला गेले. व्याह्यांनी रुबाब दाखवायला अंगात आल्यासारखी बोट वळवली, आणि या पाण्यात. व्याही घाबरून शिडाशी झटापट करत बसले. मान वर केली तेव्हा चारी बाजूंना नुसत्या लाटा. बायको कुठंच नाही.

"वीस मिनिटं," विहीणबाई म्हणाल्या.

"अठरा," व्याही म्हणाले.

"पाण्यात कोण होतं?"

व्याह्यांनी दोरी परत उचलली.

"सापडले कशी, ठाऊक आहे? मी यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आवाजावरून आले. हाताला धरून वर ओढलं आणि म्हणतात काय, अगं, घाबरलीस का? मी म्हटलं, यापुढं मला अगं म्हणायचं नाही. जो मला हरवतो, त्याला मी अगं नाही."

सेहेचाळीस वर्षं झाली. एकदाही चुकले नाहीत. मला वाटलं हसावं, पण व्याह्यांचा चेहरा बघून मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेव्हा मला कळलं की त्या म्हाताऱ्याला परवाना हवा होताच, पण सहा मिनिटांत माणूस काढून दाखवायचा होता तो तपासनिसाला नव्हे.

आणि अशा वेळी मला एकदम छडी आठवली. दोन्ही छड्या! मी उठून उभा राहिलो. "व्याहीबुवा, लिंग!"

मुलगी म्हणाली, "बाबा!"

"अगं, व्याकरणातलं. ती बोट, ते बोट. बोट हा शब्दच टाका. विहीणबाईंना सांगायचं तेव्हा म्हणा, ती फिरवा. मला सांगायचं तेव्हा म्हणा, ते धरा. ती आणि ते. बस्स."

व्याह्यांनी डोळे बारीक केले. दोरीची गाठ सोडली. "ती फिरवा," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं, आणि विहीणबाईंचा डावा हात आपोआप हलला. "ते धरा." माझं बोट वर. "ती सरळ. ते धरा. ती फिरवा, ती फिरवा. ते सोडा." आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून रात्रीच्या जेवणापर्यंत हेच करत होतो. नात टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं खेळ आहे.

दोन दिवसांत आम्ही चौदावरून सातवर आलो. सहावर नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी व्याही म्हणाले, "कोट भिजून फाटायला आलाय. त्यात प्लास्टिकचे सहा डबे नीट भरून ठेवा. झाकणं घट्ट लावा." मी भरून ठेवले. आता सांगतो, तेव्हा कुणाला बोललो नव्हतो. त्यांना म्हणायचं होतं, रिकामे डबे कोटात भरा. मला वाटलं, डबे पाण्यानं भरा. माणूस काय रिकामा असतो? तिसरा डबा भरला आणि नळाचं पाणीच गेलं म्हणून मी थांबलो, नाही तर सहाही भरले असते.

तपासनीस आला. तरुण, गोरापान, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात वेळ मोजायचं घड्याळ. व्याह्यांना नमस्कार केला, विहीणबाईंना सुकाणूवर बघून चकित झाला, मला बघून आणखी चकित झाला. "यांचं काम काय?" "बोट दाखवतात." त्यानं बोटीकडं बघितलं. "मी बघितली," म्हणाला. 

बाहेर गेलो. वारा चांगला, लाटा कमरेएवढ्या. तपासनिसानं कोट उचलला, जड लागला तसा माझ्याकडं बघितलं, आणि टाकला. "माणूस पडला!"

"रिंग! ते धरा!" मी धरलं. कोट लाटेवर दिसत होता, पितळी बटणं चमकत होती. बोट पुढं गेली. "ती फिरवा!" आडवं लाकूड डोक्यावरून गेलं, मी मान खाली घातली पण बोट वर. आणि मग बटणं दिसेनाशी झाली. लोकर पाणी पिते हे मला माहीत होतं. किती पिते ते नव्हतं. कोट बुडाला नाही, पण तरंगतही नव्हता. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, लपून बसल्यासारखा.

तपासनीस म्हणाला, "माणूस कुठंय?"

त्यानं कपाळावर हात धरून चारी बाजूंना बघितलं.

"रिंग वाऱ्यानं भलतीकडं गेली, पाण्यावर काही नाही. बुडाला. बोट खाली घ्या आता, पुन्हा केव्हातरी बघू."

पुन्हा केव्हा? तीन आठवड्यांनी व्याही सत्तरचे होणार होते.

माझं म्हणणं इतकंच, की तो ती म्हणाला नाही आणि ते म्हणाला नाही. आणि मोजणीदारानं हात हलवला नव्हता. मी बोट धरून उभा. मला कोट दिसत नव्हता. पण एक ठिकाण होतं, तिथं लाट येऊन किंचित अडखळायची, उंबऱ्याला ठेच लागल्यासारखी, आणि मग पुढं जायची. बाकी सगळीकडं अडखळत नव्हती. मी खोटं बोलत असेन तर मलाही ते ठाऊक नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पापणी मिटायची भीती, आणि डोक्यात एकच गोंधळ: मी कोटाकडं दाखवतोय की नुसत्या समुद्राकडं?

विहीणबाईंनी विचारलं, "अहो, काही दिसत नाही. जाऊ कुठं?"

व्याह्यांनी समुद्राकडं बघितलंच नाही. माझ्या हाताकडं बघितलं. "ते आहे ना वर? मग ती तिकडं."

बोट वळली. शीड फडफडायला लागलं, व्याह्यांनी दोर सैल सोडला, आणि वेग उतरत उतरत आम्ही त्या अडखळणाऱ्या जागेपाशी आलो. नुसतं हिरवं पाणी. तपासनीस घड्याळाकडं बघत होता. व्याही काठावर आडवे झाले, खांद्यापर्यंत हात पाण्यात, तोही उतरलेल्या खांद्याचा. काही नाही. परत. आणि त्यांचा चेहरा बदलला. बाही हाताला लागली होती, पण वर येईना, बोट पुढं सरकायला लागली, आणि ते ओरडले,

"अगं, आकडी! अगं, धर, धर, जातंय!"

विहीणबाईंनी सुकाणू सोडून लांब काठीची आकडी अशी मारली की कोटाची कॉलर, व्याह्यांचा शर्ट आणि माझी चप्पल एकदम वर आले. पाहुणा धप्पकन आत पडला आणि त्याच्या बाहीतून बादलीभर पाणी तपासनिसाच्या इस्त्रीवर गेलं.

"पाच मिनिटं एकावन्न," तो म्हणाला. मग कोट हलवून बघितला. आत पाणी खळखळलं. "यात पाणी कुणी भरलं?"

मी बोट खाली घेतलं नव्हतं, म्हणून ते त्याच्याकडंच रोखलेलं राहिलं. "मी," म्हटलं. "भरून ठेवा म्हणाले."

त्यानं घड्याळ खिशात टाकलं. "असो," म्हणाला, "खरा माणूस याहून जड असतो." आणि कागदावर शिक्का मारला.

परत येताना व्याही दोर गुंडाळत होते, नजर दोरावर. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "मघाशी मला काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"अगं म्हणालात. दोनदा."

"वारा होता. अहोचं अगं ऐकू आलं असेल."

"सेहेचाळीस वर्षं वाऱ्यात बरोबर ऐकू येतंय मला."

मला वाटलं, आता परवाना मिळाला तो घरी फाटणार. मी घाईघाईनं दीपस्तंभाकडं बघायला लागलो. त्या रागावल्या होत्या की नव्हत्या हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं, आणि सुकाणूवरच्या माणसाची पाठच दिसते.

"किती मिनिटं म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

"पाच एकावन्न," व्याही म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. बस्स, हं.

त्या हंचा अर्थ मला अजून लागलेला नाही. आठवड्याभरानं मी गावी परतलो. परवा फोन केला तेव्हा व्याहीच बोलत होते. मध्येच फोनवरून तोंड बाजूला करून ओरडले, "अगं, ती नीट बांधलीस का?"

मागून आवाज आला, "बांधली हो! तुम्ही तुमचं ते सांभाळा."

कोणतं ते, मी विचारलं नाही.